शिडीची सातवी पायरी

१

त्या शिडीची सातवी पायरी रोज मोडायची. मोडण्यासाठीच ती बनवलेली होती.

लोटन विदूषक हाश्शहुश्श करत वर चढायचा, सातव्या पायरीवर पाय टेकवला की ती बिजागरीवर धाडकन खाली लोंबायची आणि लोटन घसरत येऊन भुशात बसायचा. लोक पोट धरून हसायचे. त्या हसण्याच्या आडोशानं तो शिडीमागे जायचा, पायरी वर करून खिशातली लोखंडी खीळ तिच्यात सरकवायचा, म्हणजे पायरी पक्की. मग कमरेला लटकवलेला रबरी भोंगा दोनदा वाजवायचा. समोरच्या टोकाला काडी उभा असायचा. अंगानं खरोखरच काडी, आणि डोक्यावर बादली अशी पालथी घातलेली की डोळेही आत. दोनदा पों ऐकलं की तो मोजून अकरा पावलं धावायचा आणि न बघता तीच शिडी शेंड्यापर्यंत चढून जायचा. नऊ वर्षं हा खेळ असाच चालला होता.

काल चारच्या खेळात भोंगा वाजला, काडी धावला, चढला आणि सातवी पायरी त्याच्या पायाखालून गेली. लोक आधी हसले. मग काडी ओरडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हे खेळातलं नाही. नडगीचं हाड मोडलं होतं. खीळ शिडीखाली भुशात पडलेली सापडली.

"भोंगा मी माझ्या कानांनी ऐकला," सर्कशीच्या मालकीणबाई आज सकाळी म्हणाल्या. "खीळ न बसवता तू खूण दिलीस. बरोबर?"

लोटन त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "बरोबर," तो म्हणाला. "माझीच चूक. राहून गेलं."

"राहून कसं जातं? बेचाळीस वर्षं झाली तुला रिंगणात."

तो त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला.

मालकीणबाई काही दुष्ट नव्हत्या, पण त्यांच्या तंबूत चौतीस माणसं उंचावर कसरती करत होती. एकाच्या विसरण्यानं दुसऱ्याचं हाड मोडलं, तर त्यांना झोप कुठून लागणार. "तीन वाजेपर्यंत विचार करते," त्या म्हणाल्या. "पण तू आवराआवर करून ठेवलेली बरी."

कनातीजवळ उभी असलेली मावशी हे ऐकून घाबरली. सगळ्या सर्कशीची ती मावशी, लोटनची बायको, आणि कपडेपटाची सर्वेसर्वा. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली, गळ्यात मोजपट्टी, आणि नजर अशी की दहा हातांवरून उसवलेला टाका दिसावा.

आता हिची भीती काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती दुसरी. पहिली वेगळी होती. लोटन गेलं वर्षभर विसरत होता. ती मशीनवर बसल्या बसल्या सांगायची, औषध घ्या हो, आणि तासाभरानं तो म्हणायचा, तू कधी सांगितलंस? मशीन चालवता चालवताच तिनं पेटीची किल्ली कुठे ठेवलीय ते दोनदा सांगितलं, तरी याची शोधाशोध चालूच. शिवाय एक नवीनच सवय. रिंगणातून बाहेर आला की विचारायचा, "कसं झालं?" ज्या माणसानं जन्मात कधी हे विचारलं नव्हतं, त्यानं विचारावं, जणू आत काय घडलं ते त्याला आठवतच नव्हतं.

सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग औषधं. शेवटी त्यांनी स्वतःच्या मुलाला विचारलं होतं, "आपण कोण?" लोटननं तेव्हा जीभ बाहेर काढून डोळे तिरळे केले होते, म्हातारी खुदकन हसली होती, आणि मग तो बाहेर जाऊन बराच वेळ नळाखाली तोंड धूत बसला होता. ते मावशीनं पाहिलं होतं. आज तेच आपल्या दाराशी येऊन उभं राहिलंय, असं तिला वाटलं.

तिनं कालचे कपडे भिजत घातले, कारण हात रिकामे ठेवून तिला विचार करता येत नसे. ठिगळांचा कोट. ढगळ विजार, जिचा खिळीचा खिसा तिनं परवाच उजवीकडून काढून डावीकडे शिवला होता, कारण त्याचा उजवा खांदा धरला होता. परवा खेळ नव्हता, त्यामुळे काल तो खिसा पहिल्यांदाच रिंगणात गेला. मग पांढरे हातमोजे. या मोज्यांवरून तिची रोजची कुरकुर. भोंग्याचं ते जुनं काळं रबर हाताला सुटतं, आणि घासून घासून बाईचं मनगट जातं. पण आज सगळं धुणं दहा मिनिटांत आटोपलं. काळजीत असलं की हात भराभर चालतात, दुसरं काय.

वाळत घालून वळली तर मागे लोटन उभा. त्याच्या हातात रंगांची पेटी होती, आणि तो तिला दोरी बांधत होता.

"चूक माझीच आहे," तो पुन्हा म्हणाला. "तू याच्यात पडू नकोस."

बायकोला नवऱ्यानं यात पडू नकोस म्हटलं, की पडण्यासारखं काहीतरी नक्की आहे. मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

२

काडी इस्पितळात पाय वर टांगून पडला होता. मावशीला बघताच त्यानं डोळे पुसले.

"मावशी, दुखतं म्हणून नाही हो रडत. काका असं करतील हे पटत नाही म्हणून."

मावशी स्टुलावर बसली. "मला सगळं पहिल्यापासून सांग. अगदी बादली घातल्यापासून."

"बादली घातली. लोक हसत होते. काका घसरून पडले ते कळलं, कारण एकदम दणका उठला. मग मी वाट बघत राहिलो. भोंगा वाजला. निघालो."

"नक्की भोंगाच?"

"नऊ वर्षं ऐकतोय, मावशी. आपलाच भोंगा. पों, पों. दोन्ही चांगले दणदणीत. उलट वाटलं, आज भोंगा खुशीत दिसतोय."

"घाई झाली होती का? म्हणजे रोजच्यापेक्षा लवकर?"

काडीनं जरा विचार केला. "लवकर? हो, थोडा. मी मनात मोजत असतो. रोज साधारण वीसपर्यंत पोचतो. काल चौदालाच वाजला. पण काका कधी घड्याळ लावून काम करतात? लोक जितके हसतील तितकं थांबतात. मीच आपला वेड्यासारखा मोजतो."

मावशीनं त्याच्या पांघरुणाची उसवलेली कड बघितली आणि सुई काढलीच. शिवता शिवता तिचं डोकं चालू लागलं. खीळ बसवायला वेळ लागतो. सहा आकड्यांइतका तर लागतोच. म्हणजे भोंगा वाजला तेव्हा खीळ बसवायची वेळच आलेली नव्हती. मग हे राहून गेलं कसं? जे अजून करायचंय ते राहून जात नाही.

"काडी, तुम्हा दोघांवर कोणाचा डोळा?"

काडीनं दाराकडे पाहिलं. दारातून नर्स गेली तशी हळूच म्हणाला, "नाव घेणार नव्हतो. आठवड्यापूर्वी चेंडूवाला माझ्याकडे आला होता. बादलीचं माप विचारत होता. मी म्हटलं, तुला कशाला? तर म्हणाला, सहज. आणि मावशी, त्याच्या पेटीत भोंगा आहे. नवा कोरा. मी पाहिलाय."

३

परत येईपर्यंत साडेबारा झाले होते. आधी ती सुताराकडे गेली, कारण शिडी त्याच्या ताब्यात असते. म्हातारा नाकावरचा चष्मा सरळ करत म्हणाला, "भोक सैल असतं आणि खीळ आपोआप गळाली असती, तर मीच मालकीणबाईंकडे जाऊन कबूल केलं असतं. हे बघ." त्यानं खीळ आत सरकवली, मग दोन्ही हातांनी शिडी गदागदा हलवली. खीळ हलली नाही. "ही बसवली असती तर ठोकल्याशिवाय निघाली नसती. बसवलीच नाही तुझ्या नवऱ्यानं." मग त्याला तिची दया आली असावी. "वय होतं गं माणसाचं," तो म्हणाला, आणि ते शब्द तिला सुईसारखे टोचले.

चेंडूवाला आपल्या तंबूबाहेर पाच चेंडू उडवत होता. मावशीला बघितल्यावर एक खाली पडला. त्याच्या हातून चेंडू पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"पेटी उघड," ती म्हणाली.

"मावशी..."

"तुझ्या प्रत्येक पँटचं बूड मी शिवलंय. माझ्याशी लपाछपी करू नकोस. उघड."

त्यानं उघडली. घडी केलेल्या सदऱ्यांच्या खाली भोंगा होता, पितळी तोंड लखलखतंय, रबराचा फुगा लालभडक. त्याच्या शेजारी एक बादली.

"मालकीणबाईंनीच सांगितलं होतं," चेंडूवाला खाली बघत म्हणाला. "दोन महिने झाले. काका थकले, तर शिडीचा खेळ तुला यायला हवा, गुपचूप शिकून ठेव म्हणाल्या. मला लाज वाटते, मावशी. मी काकांकडूनच पडायला शिकलो. ते म्हणायचे, उभं राहायला एक वर्ष लागतं आणि पडायला सहा. मी चौथ्या वर्षात होतो."

म्हणजे हकालपट्टीची तयारी दोन महिन्यांपासून चालली होती. तरी मावशीनं तो भोंगा उचलला. काल कनातीआड उभं राहून हा कोणीही वाजवू शकला असता, काडी तर बादलीत, त्याला काय दिसणार. तिनं फुगा दाबला.

पीं, असा किरटा आवाज आला. पिपाणीसारखा.

तिनं पुन्हा दाबला. पुन्हा पीं.

"दुकानदारानं फसवलं," चेंडूवाला कसनुसं हसला. "काकांच्या भोंग्यासारखा आवाज कुठेच मिळत नाही. सगळ्या बाजारात हिंडलो."

हा नव्हे. काडी नऊ वर्षं ऐकत होता, तो या पिपाणीला फसला नसता. मावशी कपडेपटाकडे परत निघाली. दीड वाजला होता. आता उरलं काय? सुतार खरा, चेंडूवाला खरा, काडी खरा. मग उरतो तो एकच, जो स्वतःच चूक कबूल करतोय. विसरतोच आहे तो. आज खीळ, उद्या आपलं नाव. तिला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि डोळे पुसायला काहीतरी ओढायचं म्हणून तिनं दोरीवरचं वाळलेलं कापड ओढलं.

ते हातमोजे होते. तिनं ते डोळ्यांना लावले, मग झटकन दूर धरले आणि बघतच राहिली.

४

पांढरे. दोन्ही तळवे स्वच्छ पांढरे.

मावशीनं आठवून पाहिलं. सकाळी तिनं ब्रश घेतलाच नव्हता. साध्या साबणात बुचकळून पिळून टाकले होते. म्हणूनच तर धुणं दहा मिनिटांत झालं. आणि भोंग्याचा काळा डाग साध्या साबणानं जात नाही, हे तिच्याइतकं या भूतलावर कोणाला ठाऊक असणार. रोज रात्री नाहीतर सकाळी ती त्या डागाला शिव्या घालत आली होती.

डाग गेला नव्हता. डाग पडलाच नव्हता.

म्हणजे काल लोटननं भोंग्याला हात लावला नव्हता. भोंगा तर त्या एका खुणेपुरताच असतो, बाकी पूर्ण खेळात त्याला कोणी शिवत नाही.

खुंटीवर कमरपट्टा होता, त्याला भोंगा लटकत होता. तिनं तो उघड्या हातानं दाबला. पों. पुन्हा दाबला. पुस्स.

अरे हो की. या फुग्याला भेग होती. चार महिन्यांपूर्वी तिनंच ठिगळ लावून दिलं होतं. तेव्हापासून पहिला पों जोरात आणि दुसरा असा मरतुकडा निघायचा. लोक त्या पुस्सला हसायचे, म्हणून लोटननं भोंगा दुरुस्त केला नव्हता. आणि काडी काय म्हणाला? दोन्ही चांगले दणदणीत.

या भोंग्यातून दोन दणदणीत पों निघूच शकत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही भोंग्याचा आवाज असा नाही, चेंडूवाल्यानं बाजार पालथा घातलाय. मग आवाज याचाच, पण यातून निघालेला नाही. पहिलाच पों दोनदा. एकासारखा एक.

मावशी तशीच उभी राहिली. तळहाताला काळं लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही. बाहेर बँडवाल्यांचा सराव सुरू झाला होता. मास्तर आपल्या की-बोर्डवर एकेक आवाज तपासत होते. ढोल. टाळी. काच फुटल्याचा आवाज. गेल्या महिन्यात त्यांनी वाघाची डरकाळी भरून आणली होती, आणि बोट टेकवलं की ती हवी तितक्या वेळा, तशीच्या तशी निघायची.

ती बँडच्या चौथऱ्याकडे धावली.

५

मास्तर म्हणजे बँडचे प्रमुख, लोटनचे तीस वर्षांचे दोस्त. मावशीनं काही न बोलता काळा तळहात त्यांच्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं पांढरा मोजा. मास्तरांनी दोन्हीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"कुठलं बटण?" तिनं विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातल्या एका पट्टीवर बोट टेकवलं. पों. पुन्हा टेकवलं. पों. दोन्ही सारखे, दणदणीत.

"का मास्तर? त्यानं काय वाईट केलं होतं तुमचं?"

"वाईट?" मास्तर मटकन खाली बसले. "मावशी, मी त्याला सांभाळत होतो. त्याला ऐकू येत नाही."

मावशीला आधी काही कळलंच नाही.

"दीड वर्ष झालं. मी ढोल वाजवून खूण द्यायचो आणि हा बघायचाच नाही. एक दिवस मी त्याच्या पाठीमागे थाळी आपटली. हलला नाही. मग हात जोडले त्यानं माझ्यापुढे. म्हणाला, कोणाला सांगू नकोस, हिला तर मुळीच नाही. तेव्हापासून मी ढोलाऐवजी टोपी काढून खूण देतो. पण पंधरा दिवसांपूर्वी भोंगाच वाजला नाही. फुगा नुसताच दबला. याला पत्ता नाही. काडी तिकडे बादली घालून उभा, तंबू गप्प, आणि हा शिडीमागे हसतमुखानं वाट बघतोय. मी कसंबसं ढोल बडवून निभावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भोंग्याचा आवाज भरून घेतला. म्हटलं, पुन्हा हात भोंग्याकडे गेला आणि आवाज आला नाही, तर आपण वाजवायचा."

"आणि काल?"

"काल मला त्याची पाठ दिसत होती. डावा हात कमरेशी गेला, कोपर हललं. भोंगा डावीकडेच असतो. आवाज आला नाही. मला वाटलं, पुन्हा तेच झालं. दाबलं मी बटण, दोनदा." मास्तरांनी मान हलवली. "हात जोडून सांगतो, मला अजून कळत नाही, भोंग्याला हात लावला नाही तर तो डाव्या कमरेशी करत काय होता? खीळ तर उजव्या खिशात असते."

मावशीनं स्वतःच्या डाव्या कमरेला हात लावून पाहिला.

खीळ उजव्या खिशात नव्हती. खिसा तिनंच हलवला होता. उजवा खांदा दुखतो म्हणून, डावीकडे, नेमका भोंग्याच्या खाली. वर छान घट्ट झाकणही शिवलं होतं, खीळ पडू नये म्हणून. ते झाकण उघडण्याच्या खटपटीत त्याचं कोपर हललं. मास्तरांनी भोंगा समजून बटण दाबलं. त्याला ना भोंगा ऐकू आला, ना काडीची अकरा पावलं. खीळ हातात येईपर्यंत काडी वर पोचला होता.

गुन्हेगार शोधायला निघालेली बाई स्वतःच्याच टाक्यापाशी येऊन थांबली होती.

पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरं काहीतरी लखकन चमकून गेलं. खिसा बदललाय, हे तिनं त्याला एकदाच सांगितलं होतं. विजार अंगावर चढवून, समोर उभं करून, त्याच्या तोंडाकडे बघत. आणि त्याचा हात सरळ नव्या खिशाकडे गेला होता. नऊ वर्षांची सवय बाजूला ठेवून. विसरणाऱ्या माणसाचा हात जुन्याच खिशात गेला असता.

औषध घ्या, हे तिनं मशीनवरून सांगितलं होतं, त्याच्याकडे पाठ करून, खडखडाटात. किल्लीचंही तसंच. जे समोर उभं राहून सांगितलं, त्यातलं तो एक अक्षर विसरला नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, "उठा. पावणेतीन झालेत."

६

लोटन बांधलेल्या पेटीवर पाठमोरा बसला होता. मावशी दारात उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. तो हलला नाही. "अहो," ती जरा मोठ्यानं म्हणाली. आयुष्यभर या हाकेला जो माणूस ओ देत आला, तो समोरच्या कनातीकडे बघत बसून राहिला. मग ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेली आणि आपला काळा तळहात त्याला दाखवला.

त्यानं हाताकडे पाहिलं, मग मागे आलेल्या मास्तरांकडे. सगळं समजला.

"डावा कान पुरता गेलाय," तो म्हणाला. "उजव्यात थोडं उरलंय. ओठ बघून निभावतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच ठिगळ लावायला धावली असतीस. माझं काहीही फाटलं, की तुला राहवत नाही." त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "काल लोक म्हणाले भोंगा वाजला, तेव्हाच कळलं की हे मास्तरचं काम. पण मी वाजवलाच नाही म्हटलं असतं, तर विचारलं असतं, मग वाजलेला ऐकलास का नाही? विसराळू म्हणून घालवलं तर एक चूक धरतील. बहिरा म्हणून घालवलं, तर परत कुठल्याच रिंगणात उभं करणार नाहीत. आणि मास्तरही गोत्यात आला असता."

"आणि मी वर्षभर काय समजत होते, ठाऊक आहे?" मावशीचा आवाज चढला. "मी समजत होते तुमचं सासूबाईंसारखं झालं. एक दिवस तुम्ही मला विचाराल, आपण कोण."

लोटन तिच्या ओठांकडे बघतच राहिला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"डोकं शाबूत आहे ना?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

"होतं तेवढं आहे," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे ती हसली आणि हसता हसता रडली.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मोजे बघितले, भोंगा दाबून बघितला, मास्तरांचं बटण ऐकलं. मग त्यांनी लोटनला समोर उभं केलं आणि सावकाश विचारलं, "ऐकू येत नाही, तर लोक कधी हसायचे थांबले ते तुला कसं कळतं?"

"पहिल्या बाकाचे खांदे बघतो. खांदे हलायचे थांबत आले की पुढचं सुरू करतो. आणि मागचे पाय आपटतात, ते कठड्याला हात लावला की कळतं."

"दीड वर्ष?"

"हो."

"आणि मला वाटत होतं, हल्ली तुझं काम सुधारलंय." मालकीणबाईंनी कपाळ चोळलं. "पण त्या पोराचा पाय मोडलाय, लोटन. तू बहिरा आहेस याचा मला राग नाही. उंचावरच्या माणसापासून तुम्ही हे लपवलंत, याचा आहे."

"त्यात माझाही हात आहे," मावशी म्हणाली. "खिसा माझा, बटण मास्तरांचं, आणि गप्प बसणं यांचं. तिघांनीही एकमेकांना सांगितलं असतं, तर काडी आज उभा असता."

तीन वाजून गेले होते. बाहेर तिकिटांची खिडकी उघडल्याचा आवाज आला, म्हणजे तिघांना आला.

"शिडी बंद," मालकीणबाई म्हणाल्या. "खेळ संपला की तू काडीकडे जायचंस आणि हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचंस. तो परत आल्यावर तुझ्याबरोबर चढायला तयार असेल, तर शिडी निघेल. नसेल तर ती चेंडूवाल्याची. आणि यापुढे खूण डोळ्यांनी बघायची, कानांनी नाही, म्हणजे ती बादलीही गेली."

लोटननं मान हलवली. पण तो तिथेच उभा राहिला, कारण त्याला हवं होतं ते अजून त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं.

"बघत काय बसलास?" त्या म्हणाल्या. "चारला मला विदूषक लागतो. तोंडाला रंग लाव."

चारच्या खेळात त्यानं खुर्चीवर बसायचा जुना खेळ केला, जो त्यानं विशीत पहिल्यांदा केला होता, एका आजारी विदूषकाच्या जागी. खुर्ची सारखी निसटते आणि हा तिची समजूत काढतो, भोंगा वाजवून तिला गाणं म्हणून दाखवतो, इतकंच. मावशी कनातीच्या फटीतून बघत होती. आज तिनं प्रथमच पाहिलं, की तो सतत पहिल्या बाकाकडे बघतोय, तहानलेला माणूस नळाकडे बघतो तसा. दीड वर्ष हा माणूस एका आवाजासाठी राबत होता, जो त्याला ऐकू येत नव्हता.

कनात उघडली. तो घामेजून बाहेर आला आणि रोजच्यासारखं म्हणाला, "कसं झालं?"

आजवर ती हातातलं शिवण न सोडता, मान खाली घालून, "झालं की" एवढंच म्हणायची. आता तिनं त्याच्या रंगवलेल्या तोंडासमोर आपलं तोंड आणलं.

"हसले," ती म्हणाली. "पुस्स झालं तेव्हा सगळ्यात जास्त. एक बाई हसता हसता बाकावरून खाली आली. मागच्या ओळीतले शिट्ट्या मारत होते. अजून हसतायत, तुम्ही बाहेर आलात तरी."

त्यानं सगळं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग हातमोजे काढून तिच्या हातात दिले आणि काडीकडे जायचं म्हणून तोंड धुवायला गेला. डाव्या मोज्याच्या तळव्यावर काळाकुट्ट डाग होता.

मावशीनं ब्रश घेतला आणि तोंड धुणाऱ्या नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. मेलं हे रबर, मनगट गेलं माझं, ती कुरकुरायला लागली, नेहमीसारखीच. फक्त आता ती त्याच्याकडे तोंड करून कुरकुरत होती.